कॅमेरा आपला आहे का?

लग्नसमारंभात ताट हातात घेऊन उभं असलं की शेजारचा अनोळखी माणूस हमखास विचारतो, "आपण कुठे होतात?" मी सांगतो, "महापालिकेत. रस्त्यावरचे सीसीटीव्ही कॅमेरे बघायचो." यावर माणसं दोन प्रकारे वागतात. काही जण शर्टाचं वरचं बटण लावतात आणि जरा लांब सरकतात, जणू मी त्यांचं सगळं चालचलन पाहूनच जेवायला आलोय. बाकीचे जवळ येतात आणि म्हणतात, "अहो, आमच्या नाक्यावरचा कॅमेरा कधीपासून बंद आहे, जरा सांगा ना कुणाला तरी." निवृत्त होऊनही या दुसऱ्या प्रकारच्या माणसांपासून सुटका नाही. कारण मलाच राहवत नाही. नाका कुठला, खांब कुठला, पेटी कुठल्या रंगाची, हे विचारत मी उभा राहतो, आणि बायको लांबून डोळे वटारते.

मी विद्युत विभागात दुय्यम अभियंता होतो. गिरगावातून दादरला, दादरहून लालबाग-परळला अशा बदल्या झाल्या. आमचं मूळ काम बागेतले दिवे, पाण्याचे पंप, इस्पितळातल्या लिफ्टा. कॅमेरे मागाहून आले. आले तेव्हा नारळ फुटले, फिती कापल्या गेल्या, खांबांवर नावांच्या पाट्या लागल्या. काही पाट्या कॅमेऱ्यापेक्षा मोठ्या होत्या. त्यांची देखभाल कुणी करायची, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.

बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. कॅमेरा म्हणजे चार गोष्टी: डोळा, वायर, वीज आणि आठवण. लोकांना फक्त डोळा दिसतो. आठवण म्हणजे रेकॉर्डरची पेटी. ती कुठल्यातरी चौकीत, कोंदट कपाटात असते, आणि तिच्यावर कुणाचा तरी डबा आणि छत्री ठेवलेली असते. जागा भरली की ती जुनं पुसते आणि नवं लिहिते. लोकांना वाटतं, कुठेतरी अंधाऱ्या खोलीत एक माणूस सतत आपल्याकडे टक लावून बसलाय. इतकी माणसं महापालिकेत असती तर खड्डे नसते का बुजले? बहुतेक कॅमेऱ्यांचं कुणी बघत नाही. काही घडलं की मग सगळे धावतात, आणि तेव्हा कळतं की पेटीची वायर उंदराने खाल्ली आहे.

'अद्ययावत करणे' हा शब्दही असाच फसवा. पुढाऱ्यांना वाटतं, जुना डोळा काढायचा आणि नवा लावायचा. डोळा नवा आणि वायर जुनी ठेवली तर मोठ्या टाकीला बारीक नळी लावल्यासारखं होतं, थेंब थेंब येतं. वायर बदलायची तर रस्ता खणायचा, रस्ता खणायचा तर दुसऱ्या खात्याची परवानगी, आणि ती मिळेपर्यंत गणपती येतात. गणपतीत लालबागचा रस्ता कोण खणणार? मग दिवाळी. मग वर्ष संपलं. आमच्या कागदांत कॅमेऱ्यापुढे 'सुस्थितीत' असं लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ कॅमेरा जागेवर आहे, खाली पडलेला नाही, एवढाच घ्यायचा.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न यायचा. तो आमच्या ऑफिसातला पहिला आणि बरेचदा शेवटचा प्रश्न. तक्रार आली, फोन आला, मोर्चा आला, की आम्ही एकमेकांकडे बघून विचारायचो, "आपला आहे का?"

कारण एकेका खांबाची गंमत अशी की खांब विजेवाल्यांचा, फुटपाथ आमचा, वरचा गोल कॅमेरा पोलिसांचा, त्याखालचा लांबट कॅमेरा नगरसेवकांच्या निधीतला, आणि त्याखाली सराफाने स्वतःच्या दुकानापुरता बसवलेला तिसरा. दहीहंडीचा दोरही त्याच खांबाला. चाळीतल्या सामायिक नळावर सगळे बादल्या लावतात, पण वॉशर बदलायची वेळ आली की जो तो दुसऱ्याच्या खोलीकडे बघतो, तसं. "आपला नाही" असं ठरलं की ऑफिसात चहा यायचा. मीही तो चहा आवडीने प्यायचो, उगाच नाही कशाला म्हणू.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. गिरगावात असताना फणसवाडीतले एक दिनकरराव दर सोमवारी यायचे. तीन पिढ्यांचं मुंबईतलं घर, आजोबा सरकारी हेडक्लार्क, बोलणं अगदी मोजून-मापून. त्यांची तक्रार अशी की वाडीच्या तोंडाशी लावलेला आमचा कॅमेरा त्यांच्या गॅलरीत बघतो.

"मी सकाळी तिथे गंजिफ्रॉकवर बसून दाढी करतो. हे दृश्य शासनाने जतन करावं अशी माझी इच्छा नाही," ते म्हणाले.

"अहो, कॅमेरा रस्त्यासाठी आहे. तुम्ही त्यात कोपऱ्यात ठिपक्याएवढे येता."

"मला माझ्या घरात ठिपका व्हायचं नाहीये."

माणूस मुद्द्याला पक्का होता. शेवटी आम्ही कॅमेरा दोन बोटं उजवीकडे वळवला. थोड्याच दिवसांत त्यांच्या दारावरची आजोबांच्या नावाची पितळी पाटी चोरीला गेली. पुढच्या सोमवारी दिनकरराव पुन्हा हजर. "तुमच्या कॅमेऱ्यात काहीच कसं नाही?" मी म्हटलं, "तुम्हीच वळवून घेतलात." त्यावर ते म्हणाले, "मी दाढीच्या वेळेपुरता वळवा म्हटलं होतं." कॅमेऱ्याला वेळापत्रक नसतं हे त्यांना पटवता पटवता माझी बदली दादरला झाली.

दादरला फुलबाजाराजवळ कचरा टाकणाऱ्यांना पकडायला कॅमेरा लावला होता. तो नक्की आपलाच होता, त्याबद्दल दुमत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याखालची जागा इतकी स्वच्छ झाली की साहेबांनी फोटो काढून वर पाठवला. नंतर कळलं, लोकांनी कॅमेऱ्याची नजर कुठे संपते ते बरोबर हेरलंय आणि त्याच्या एक पाऊल पुढे निर्माल्य, देठ, कुजकी पानं यांचा डोंगर केलाय. एका फुलवालीला मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं कॅमेरा इथपर्यंतच बघतो?" ती हसून म्हणाली, "अरे दादा, तुझाच माणूस सांगून गेला ना, इथे नको टाकू, तिकडे टाक." आमच्याच माणसाने बिचारीला वाचवलं होतं. यात रागवायचं कुणावर, तेच मला समजेना.

या गोष्टी मी पंगतीत सांगतो, लोक हसतात. लालबागची गोष्ट मात्र मी सहसा सांगत नाही. ती उभ्याउभ्या सांगण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहितो.

लालबागमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी एक बेवारस कॅमेरा होता. तो मुळात तिथल्या गणपती मंडळाने लावला. मग नगरसेवकांच्या निधीतून त्याच खांबावर दुसरा आला आणि पहिला काढला. मग निवडणूक झाली, नगरसेवक बदलले. मंडळ म्हणायचं, आम्ही तो महापालिकेकडे सोपवला. आमच्याकडे सोपवल्याचा कागद नव्हता. रेकॉर्डरची पेटी व्यायामशाळेच्या कपाटात, डंबेल्सच्या वर. एकंदरीत कॅमेरा 'आपला नाही' यावर सगळ्या बाजूंचं एकमत होतं. त्यात तो बसवणाऱ्याने इतका खाली लावला होता की स्टुलावर चढलं की हात पोहोचायचा.

आणि हात पोहोचायचाच. मी तिथे बदलून गेलो त्या वर्षी दसऱ्याला गल्लीतून जात होतो, तर एक वृद्ध गृहस्थ स्टुलावर उभे राहून कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालत होते. खाली त्यांची बायको स्टूल धरून उभी. हार झाला, मग त्यांनी वाटीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या गोलावर मधोमध टिळा लावला.

मी ओरडलोच, "अहो आजोबा, काय करताय?"

त्यांनी शांतपणे वळून बघितलं. "मशीन मां ता? मग दसऱ्याक पूजा नको?"

"पूजा करा हो. पण काचेवर कुंकू लावलंत तर त्याला दिसणार कसं? डोळ्याला कुंकू लावतात का कोणी?"

यावर त्यांनी कॅमेरा चारी बाजूंनी न्याहाळला आणि मला विचारलं, "मग कपाळ खंय आसा ह्येचा? माका दाखवा, थंय लावतंय."

मला कपाळ दाखवता येईना. गोल कॅमेऱ्याला सगळीकडे डोळाच असतो. त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि मग मीही हसलो.

हे गावडेमामा. मूळचे सिंधुदुर्गातले. गल्लीच्या पलीकडच्या गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, दुरुस्त करणारे फिटर. गिरणीत दसऱ्याला प्रत्येक साच्याला हार, आपट्याची पानं आणि कुंकू असायचं, आणि त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. मामांच्या हाताखाली जितके साचे, तितक्यांची पूजा ते स्वतः करायचे. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, जागेवर टॉवर उभा राहिला. दसऱ्याला मामांचे हात शिवशिवायचे. घरातलं शिलाई मशीन झालं, मिक्सर झाला, चाळीच्या पाण्याचा पंप झाला. मग खाली कॅमेरा आला.

"रात्रंदिवस उभो असता बिचारो," ते मला म्हणाले. "पाळी बदलत नाय त्येची."

मी खिशातून रुमाल काढून काच पुसायला लागलो, तसं गावडेमामींनी मला अडवलं. "आजचो दिवस ऱ्हांवदे. उद्या मी पुसतंय." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच काच पुसलेली होती. पुढे हे दरवर्षी चालायचं. दसऱ्याला मामा आंधळा करायचे, एकादशीला मामी दृष्टी द्यायच्या. कॅमेरा आपला नसल्यामुळे मला त्यात काही म्हणायचं कारण नव्हतं. जाता-येता मामा दिसले की रामराम व्हायचा.

मग मामांचं विसरणं सुरू झालं. आधी माझं नाव गेलं, मग हुद्दा गेला. एकदा मला म्हणाले, "काय रे, तुझी पाळी सुटली?" मामी मागे उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा मी म्हटलं, "हो मामा, आत्ताच सुटली." ते खूश झाले. मी पुढे गेलो. पण मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात बसलो होतो. दारात गावडेमामी उभ्या. बरोबर चाळीतले एक शेजारी. मामा आदल्या दिवशी सकाळपासून घरी आले नव्हते. पहाटे हार घेऊन खाली उतरले ते उतरलेच. मामी आंघोळीला गेल्या होत्या. खाली येऊन बघतात तर खांबाखाली स्टूल, कॅमेऱ्याला हार, आणि मामा नाहीत. चाळीतल्या पोरांनी आख्खं लालबाग पालथं घातलं. पोलिसांनी तक्रार घेतली, मोठ्या रस्त्यावरचे स्वतःचे कॅमेरे पाहिले, त्यात मामा नव्हते. गल्लीतून ते डावीकडे वळले की उजवीकडे, हे फक्त त्या खांबावरच्या कॅमेऱ्याला माहीत असणार होतं. पोलीस म्हणाले, तो आमचा नाही, महापालिकेकडे जा.

मामींनी हे सगळं शेजाऱ्यांना सांगू दिलं. त्या स्वतः एकच वाक्य बोलल्या. "त्येंका घरचो पत्तो सांगूक येवचो नाय."

मी आत आमच्या मोडकसाहेबांकडे गेलो. हे माझे वरिष्ठ. वाईट माणूस नव्हे, पण खात्यात मुरलेला. त्यांनी सवयीने विचारलं, "आपला आहे का?"

"यादीत नाही, साहेब."

"मग मंडळाकडे पाठव."

"मंडळ म्हणतं आपल्याला दिलाय."

"मग मंडळाला पत्र दे, की आपल्याला मिळालेला नाही."

मी बाहेर आलो आणि मामींना म्हटलं, "चला."

व्यायामशाळेचं कपाट उघडून घ्यायलाच थोडा वेळ गेला, किल्ली ज्याच्याकडे तो सीमोल्लंघन करून सासुरवाडीला गेला होता. पेटीवरची धूळ पुसली. पेटी चालू होती, एवढं नशीब. छोटा पडदा जोडला. मामी शेजारच्या बाकावर बसल्या, वजनं उचलायच्या बाकावर, पाय एकत्र घेऊन.

पहाटेची गल्ली. राखाडी, धुरकट. तो जुना कॅमेरा इतका कमजोर की चालता माणूस म्हणजे सावलीचा गठ्ठा. मग पडद्यावर खालून एक डोकं वर आलं. मामा स्टुलावर चढले होते. चेहरा जवळ, जवळ, आणखी जवळ आला, आणि एकदम स्वच्छ झाला. कपाळावरच्या रेषा, पांढऱ्या भुवया, एका दातामागची फट, सगळं. त्या कॅमेऱ्याने आयुष्यात एवढा स्पष्ट चेहरा कधी टिपला नसेल. मामा थेट आमच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही विसरल्याचं चिन्ह नव्हतं. त्यांनी हार घातला. वरचा भाग झेंडूने झाकला गेला. मग बोट आलं आणि मधला भाग लाल झाला.

पडद्याच्या खालच्या कडेला फुटपाथची एक अरुंद पट्टी तेवढी उरली. त्यात स्टुलाचे पाय.

मी कपाळावर हात मारला. दसऱ्याची ही अशी पूजा! ज्याला बघायचं त्यानेच बघणाऱ्याचे डोळे बांधले होते. शेजारी म्हणाले, "झालं, बंद करा साहेब. काय दिसणार आता." मी बंद करणार, एवढ्यात त्या पट्टीत दोन पाय उतरले, आणि मामी बाकावरून उठून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"बूट घातल्यानी!" त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्या माझ्याकडे वळल्या. "हे बूट घालनत नाय. चपलाच घालतत. बूट कामार जाताना घालीत. माळ्यार ठेवलेले ते मी." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ते बूट क्षणभर थांबले, मग वळले आणि पट्टीच्या डाव्या टोकाला नाहीसे झाले. "कामार गेले ते. गिरणीत गेले."

आम्ही गिरणीच्या जागेवर गेलो, म्हणजे टॉवरवर. तिथल्या कॅमेऱ्यांबद्दल एक शब्दही वाईट बोलता येणार नाही, पापणीचा केसही मोजून घ्या. पहारेकऱ्याने आढेवेढे घेतले, मी ओळखपत्र दाखवलं. खरं तर त्या कॅमेऱ्यांशी माझा तिळमात्र संबंध नव्हता, पण ओळखपत्रावर सिंहाचं चित्र मोठं असतं. चित्रात मामा आले. हातात दुसरा हार. गेटवर त्यांनी काहीतरी विचारलं. पहारेकऱ्याने हात जोडले आणि बाहेरचा रस्ता दाखवला. मामा थोडा वेळ गिरणीच्या तेवढ्या उरलेल्या चिमणीकडे बघत उभे राहिले. मग रे रोडच्या दिशेने चालू पडले.

रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत, आणि वखारीत करवतीची यंत्रं. आम्ही एकेका वखारीत विचारत गेलो. एकीत करवतीचं मशीन घरघरत होतं आणि त्याच्या मोटरवर सुकत आलेला झेंडूचा हार होता. मशीनपासून हातभर अंतरावर, लाकडाच्या ओंडक्यावर, मामा बसले होते. अंगभर भुसा.

वखारीतला कामगार उत्तरेकडचा होता. तो मामींना म्हणाला, "माँजी, कल से यहीं हैं. मशीन की आवाज सुनके अंदर आए, पूजा किए. हमने पूछा घर कहाँ है, तो बोले, पाळी छूटेगी तब जाऊँगा. चाय पिलाया, रोटी खिलाया. हमको लगा कोई तो आएगा लेने."

मामींनी पदराने मामांच्या भुवयांवरचा भुसा झाडला. मग म्हणाल्या, "चला. पाळी सुटली."

मामा मशीनकडे बघत उठले. "ह्येचो पट्टो सैल आसा," ते कामगाराला म्हणाले. कामगार हसला, म्हणाला, "कल से यही बोल रहे हैं." पट्टा खरंच सैल होता की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक टिपण लिहिलं. त्यात लिहिलं, की अमुक खांबावरचा कॅमेरा महापालिकेचा समजून ताब्यात घ्यावा व अद्ययावत करावा. आमच्या खात्यात 'आपला नाही' असं सिद्ध करणारी टिपणं ढिगाने होती. 'आपला आहे' असं आपणहून म्हणणारं टिपण मोडकसाहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यांनी चष्मा काढला.

"साळवी, दुसऱ्याचं पोर कडेवर का घेतोयस? उद्या ते रडलं की तुलाच गप्प करावं लागेल."

"घेतो, साहेब."

त्यांनी सही केली. मनातून त्यांनाही घ्यायचं असावं, फक्त आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

यथावकाश नवा कॅमेरा आला. वायर नवी, पेटी नवी, चित्र थेट आमच्या वॉर्डातल्या नियंत्रण कक्षात. शिवाय काचेसमोर काही आडवं आलं की कक्षात घंटा वाजायची सोय. कॅमेरा अर्थातच खूप वर लावला, स्टुलावरून हात पोहोचणार नाही असा. आता मामांचं काय, हा प्रश्न मला पडला. ठेकेदाराच्या माणसाकडून मी खांबावर, छातीच्या उंचीला, एक लोखंडी कडी वेल्डिंग करून घेतली. कामाच्या वर्णनात अशी कडी कुठेच नव्हती. त्याने विचारलं, "ये किसलिए, साब?" मी म्हटलं, "हे कपाळ."

त्या दसऱ्याला मामांना मामींनी धरून खाली आणलं. त्यांनी कडीला हार बांधला, कडीखाली खांबाला कुंकू लावलं, आणि वर बघून हात जोडले. मी कक्षातल्या पडद्यावर हे बघत होतो. घंटा वाजली नाही. शेजारी बसलेली ऑपरेटर प्राजक्ता, नव्याने लागलेली मुलगी, तिने विचारलं, "सर, हे कोण?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भारी आहेत की."

पुढच्या दसऱ्याला माझी सुट्टी होती. सकाळी प्राजक्ताचा फोन आला. "सर, सहज केला फोन. तुमचा खांब यंदा मोकळाच आहे. अजून कोणी आलं नाही."

तेव्हा मी दादरला उतरून, घरच्या दारासाठी झेंडूचा हार घेऊन फुलबाजारातून चालत होतो. तिथून सरळ लालबागला गेलो. चाळीत मामींच्या दाराला तोरण नव्हतं, उंबऱ्यावर रांगोळी नव्हती. मामी आत गहू निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"श्रावणात गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. त्रास नाय झालो."

मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कुणी का कळवावं? मी कोण लागत होतो? मी खुर्चीत बसलो. मी म्हटलं, "खांब मोकळा दिसला, म्हणून आलो."

"अवंदा आमका सण नाय," मामी म्हणाल्या. "घरातल्यानी वर्षभर हार-तोरण करूचा नसता." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. झेंडू वरून दिसत होता. "तुमी बांधा. तुमका चलता. तुमचोच मां तो?"

मी खाली आलो. घरच्या दारासाठी घेतलेला हार काढला आणि खांबाच्या कडीला बांधायला लागलो. माझी गाठ काही बसेना. मामांची बसायची, मी पाहिलं होतं. कुंकू मी आणलं नव्हतं. वर गॅलरीतून मामी बघत होत्या. त्यांनी खाली एक पुडी टाकली.

पुडी उघडत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजला. पुन्हा प्राजक्ता.

"सर, त्या खांबाशी कोणीतरी आलंय. हार बांधतोय. पाठमोरा आहे, चेहरा दिसत नाही." मग तिने विचारलं, "आपला आहे का?"

मी वर कॅमेऱ्याकडे बघितलं, तिला चेहरा दिसावा म्हणून.

"हो," मी म्हटलं. "आपला आहे."